चार संथ रेषा

झाकण पडलं. एकोणीस वर्षांत त्या खोलीत माझ्या हातून टाचणी पडली नव्हती, आणि त्या दिवशी सकाळी साडेअकराला, पाण्याची बाटली बदलता बदलता, पिंजऱ्याचं स्टीलचं झाकण हातमोज्यातून निसटलं आणि फरशीवर असं आदळलं की माझ्याच काळजात धस्स झालं. उंदरांच्या खोलीत आवाज करायचा नसतो. आम्ही तिथे कुजबुजतो, दार हळू लोटतो, शिंक येईलसं वाटलं तर बाहेर जातो. नवीन कुणी कामाला लागलं की मी पहिल्याच दिवशी दम देते, टकटक करणारे बूट दिसले तर तुम्हालाच पिंजऱ्यात घालीन म्हणून. आणि झाकण पाडलं कुणी, तर मी. पिंजऱ्यांच्या मांडण्या जाड रबराच्या पायांवर उभ्या असतात, त्यामुळे फरशीचा हादरा वर पोचत नाही. पोचतो तो फक्त आवाज. तो पोचला. बारा पिंजरे, एकेकात एक उंदीर. आठ उंदीर जागच्या जागी उसळले आणि मग भुशात अंग चोरून थिजले. चार नाही. त्यातला एक पुढच्या पायांनी तोंड धूत होता, तो धूतच राहिला. एकजण दाणा कुरतडत होता, त्याचं कुरतडणं चालूच. उरलेले दोघे कोपऱ्यात भुसा उकरत होते आणि उकरत राहिले. त्यांच्या जगात काही पडलंच नव्हतं.

सवयीने माझी नजर स्क्रीनकडे गेली. माझं खरं काम ते. प्रत्येक उंदराच्या पोटात, कातडीखाली, घेवड्याच्या दाण्याएवढं यंत्र मी माझ्या हाताने शिवून बसवलेलं असतं. ते हृदयाचा ठोकान्‌ठोका पिंजऱ्याखालच्या पाटीला कळवतं आणि पाटी स्क्रीनला. बारा उंदरांच्या बारा रेषा दिवसभर चालत असतात. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, त्यामुळे पाहणाऱ्याला ती रेषा नुसती गिचमिड वाटते, पण मला त्यातला एकेक दात दिसतो. झाकण पडताच आठ रेषा वेड्यासारख्या दाटल्या. चार होत्या तशाच राहिल्या, आपल्या चालीने, मध्येच एखादा ठोका गाळत. तीन, सहा, सात आणि अकरा. आकडे वाचायची मला गरज नव्हती. या चार रेषा मी दोन महिने ओळखत होते. त्या संथ चालतात हे मला ठाऊक होतं. त्या बहिऱ्या आहेत, हे ठाऊक नव्हतं.

ठाऊक असायलाच नको होतं. आमच्याकडे या खोलीचं त्या खोलीला कळू देत नाहीत. या उंदरांना नॉकआउट म्हणतात; ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी त्यांना ठोसे मारतं. तसं काही नसतं. शरीरातल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत येतं आणि पेशी कामाला लागते. दारं नाना जातींची, आणि प्रत्येक जातीचा आराखडा वेगळ्या जनुकात. त्यातलं एक जनुक मुळातच बंद करून उंदीर जन्माला घालायचे आणि मग बघत बसायचं की त्या एका दारावाचून कुठे कुठे काय अडतं. घरातली एखादी वस्तू लपवून ठेवावी आणि दिवसभरात कोण कोण ती शोधत येतं ते मोजावं, त्यातलाच प्रकार. पण कुठल्या उंदराचं दार काढलंय आणि कुठल्याचं शाबूत आहे, हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. सांगितलं की माणूस हवं तेच बघतो. यादी फक्त आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंकडे, त्यांच्या कुलूपबंद कपाटात, आणि बाई ताकास तूर लागू देणाऱ्यांतल्या नाहीत. खोलीच्या दारावर त्यांच्याच हस्ताक्षरात पाटी आहे: ज्याला माहीत आहे, त्याने मोजायचं नाही. जिन्यापलीकडच्या खोलीत उंदरांचे कान तपासणारा गृहस्थ बसतो, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. त्याचे उंदीर वेगळे आणि माझे वेगळे, असंच मी धरून चालले होते. हृदयाचा आणि कानाचा संबंध काय, तर दोन्ही एका अंगावर असतात, एवढाच.

झाकण उचलायला मी खाली वाकले आणि उठलेच नाही. फरशीवर तशीच उकिडवी बसून राहिले. बहिरा आणि संथ. संथ आणि बहिरा. हे दोन शब्द मी याआधी कुठे एकत्र पाहिले होते? पाहिले कसले, त्यांच्या मांडीवर वाढले होते. माझी आई जन्मापासून बहिरी. लहानपणी दुपारी ती आडवी झाली की मी तिच्या छातीवर कान ठेवून पडायची. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प. त्या मधल्या वेळात मी श्वास रोखायची, कारण मला वाटायचं की माझ्या श्वासाच्या गडबडीत पुढचा ठोका वाट चुकेल. एकेकदा तो इतका उशिरा यायचा की मी तिचं पोट गदगदा हलवायची. ती डोळे उघडायची, हसायची आणि खुणेने विचारायची, काय, मेले का मी? शाळेत मैत्रिणीची चक्कर उतरेना म्हणून तिच्या छातीला कान लावला, तर आतून धाडधाड धाडधाड ऐकू आलं आणि मी रडत मास्तरीणबाईंकडे धावले, हिचं हृदय बिघडलंय म्हणून. वर्ग आठवडाभर हसत होता. आईचंच हृदय बरोबर आणि बाकी सगळं जग घाईत आहे, अशी माझी नऊ वर्षांची होईपर्यंत पक्की समजूत होती. पुढे मी हेच काम धरलं, ठोके मोजायचं. आणि दोन महिन्यांपूर्वी, या चार रेषांमधल्या लांब जागा संगणकाने "संपर्क तुटला" म्हणून परस्पर गाळायला सुरुवात केली, तेव्हा मी बाईंशी भांडले होते. तार सैल नाही, म्हटलं, हृदयच थांबून पुढे जातंय, मी असं ऐकलंय. कुठे ऐकलंय, असं बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी? मला स्वतःलाच आठवलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी एकोणीस वर्षं वळसे घालत होते.

आई छापखान्यात कामाला होती, मोठमोठ्या तावांच्या घड्या घालायच्या यंत्रावर. तिथे बाकीच्या बायका कान किटले म्हणून संध्याकाळी डोकं धरून घरी जायच्या, आणि आई जशी यायची तशीच जायची. यंत्रावर तळहात ठेवला की तिला सगळं समजायचं. यंत्र अजून नीट चालतंय असं सगळ्यांना वाटायचं तेव्हा ती हात उचलून फोरमनला बोलवायची आणि दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवायची, आत काहीतरी घासतंय. फोरमन आधी हसायचा. दोनदा यंत्र उघडून पाहिल्यावर हसायचा बंद झाला. तिला चक्कर यायची ती काम करताना कधीच नाही. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर निवांत बसली की यायची. बाबा म्हणायचे, "जगात लोक काम करून पडतात, ही बसून पडते. हिला बसू देऊ नका, शंभर वर्षं जगेल." सगळे हसायचे, तीही हसायची, ओठ वाचून. मी मात्र एकदा, सोळा-सतराची असताना, घरी पाहुणे आलेले आणि ही खुर्चीत डोळे पांढरे करून कलंडली, तेव्हा शुद्धीवर आल्यावर तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाले होते, "नाटकं पुरे." तिला ते नीट वाचता आलं. त्या एका वाक्याची लाज मला आज छप्पन्नाव्या वर्षीही वाटते, आणि त्या फरशीवर ती पुन्हा नव्याने वाटली. पण लाजेच्याही वर काहीतरी येत होतं, त्याला मला शब्द सापडत नव्हता. देवळात न जाणारी बाई मी, पण त्या चार उंदरांसमोर माझे हात जोडले गेले होते, हातमोज्यांसकट.

आणि मग ती गोळी आठवली. दोन आठवड्यांपूर्वी आईचा रक्तदाब वाढला म्हणून नवीन डॉक्टरांनी दिलेली गोळी. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चौऱ्याहत्तरची बाई जिने चढून धापा टाकत वर पोचली, डॉक्टरांनी तेव्हाच नाडी धरली आणि म्हणाले, नाडी उत्तम. असणारच. चढताना तिची नाडी उत्तमच असते, बसल्यावर ती जाते. चिठ्ठीवरचं नाव वाचून मला गंमत वाटली होती, कारण तेच औषध आमच्या खोलीतल्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, तपकिरी बाटलीत असतं. आपल्या घरात आपलंच औषध, असं मी कुणाला तरी सांगितलंही. त्याचं काम मला पाठ होतं: कॅल्शियमची दारं बंद करणं. गेल्या आठवड्यात आई दोनदा खुर्चीत कलंडली आणि मी म्हटलं, वय झालं. दोन वेळची गोळी, सकाळी आठला आणि दुपारी जेवण झाल्यावर एकला. सकाळी मी माझ्या हाताने दोन्ही गोळ्या डबीत घालून ठेवल्या होत्या. जिचं एक दार जन्मापासूनच नाही, तिची उरलेली दारं मी रोज दोनदा लावून घेत होते.

फोन करून उपयोग नव्हता. आईला फोन दिलाय, थरथरणारा, पण तो ती कपड्यांच्या कपाटात ठेवते. अंगावर किडा चढल्यासारखं वाटतं म्हणते. शेजारची नर्स दिवसपाळीला गेलेली. म्हणजे मलाच जायला हवं होतं, आणि पावणेबारा झाले होते. तरी मी आधी झाकण उचललं, धुवायच्या डब्यात टाकलं, वहीत वेळ लिहिली, साडेअकरा, मोठा आवाज, कारण मी, आणि मगच बाईंच्या खोलीत गेले. एकोणीस वर्षांची शिस्त अंगातून एकदम निघत नाही.

"बाई, तीन, सहा, सात, अकरा," मी म्हटलं. "यांना ऐकू येत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं?"

"झाकणाने."

मी झालेलं सांगितलं. त्यांनी एक निःश्वास टाकला. "म्हणजे या उंदरांपुरत्या तुम्ही बाद," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांचं काम कुणाकडून तरी पुन्हा वाचून घ्यावं लागेल. चुकून झालं, तुम्हाला बोल नाही. पण पाटी ती पाटी."

"ते होईल हो. मला एवढंच सांगा, दोन्ही एकाच दारामुळे?"

आता मी बाद झालेच होते, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी समोरच्या कागदाच्या पाठीवर दोन गोल काढले. एक कानातली पेशी. आवाज आला की तिच्यावरचे केस वाकतात, दार उघडतं, कॅल्शियम आत येतं आणि मग ती पुढे निरोप धाडते. दुसरी हृदयाच्या वरच्या कोपऱ्यातली पेशी, पुढचा ठोका कधी टाकायचा ते ठरवणारी. तिच्यातही तेच दार थोडं थोडं उघडून ठोक्याची तयारी करतं. ते नसलं तर दुसरी दारं कसंबसं निभावून नेतात, पण विसाव्याच्या वेळी अडखळतात. "हलायला लागलं की ठीक चालतं, स्वस्थ बसलं की मागे पडतं," बाई म्हणाल्या, आणि मला बाबांचा विनोद ऐकू आला. बाईंचं बोट दोन गोलांवर फिरत होतं. "पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात," त्या म्हणाल्या, "तरी दर वेळी वाटतं, केवढी ही काटकसर. ऐकायला आणि जगायला एकच दार वापरलंय."

"माझी आई बहिरी आहे," मी म्हटलं. "जन्मापासून. बसली की तिला चक्कर येते."

एकोणीस वर्षांत घरातलं मी बाईंना सांगितलेलं हे पहिलंच वाक्य असेल. मग गोळीचं नाव सांगितलं. बाई उठून उभ्याच राहिल्या. "हे बघा, उंदरावरून माणसाचं ठरवता येत नाही," त्या घाईघाईने म्हणाल्या, "हृदयाची पट्टी, ईसीजी, काढावी लागेल, रक्त तपासावं लागेल. पण ती गोळी आजपासून नको. हृदयाच्या डॉक्टरांना मी फोन करते, दुपारी तीनला आईंना घेऊन या. तुम्ही अजून इथे काय करताय? निघा!"

मी निघाले. बसमध्ये बसायला जागा होती, मी उभीच राहिले. माणसं चढत होती, उतरत होती, पिशव्या सांभाळत होती, एकजण खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि मला त्या प्रत्येकाच्या शर्टाआडून, पदराआडून ती दारं दिसायला लागली. कोट्यवधी. आत्ता, या क्षणी, ड्रायव्हरच्या कानात उघडणारी, त्या झोपलेल्या माणसाच्या छातीत उघडणारी, कुणी न सांगता, कुणी न बघता. माझ्याही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. बाईंच्या यादीत म्हणूनच तीन तऱ्हेचे उंदीर असतात: दोन्ही प्रती धड असलेले, दोन्ही बंद असलेले आणि मधले, एक धड एक बंद. मधल्यांना काही होत नाही, एका प्रतीवर त्यांचं भागतं. मी मधली. आईकडून आलेली प्रत बंद असणार आणि बाबांकडची चालू, आणि त्या विनोदी माणसाने दिलेल्या एका प्रतीवर मी छप्पन्न वर्षं ऐकत होते, धावत होते, लोकांना दम देत होते. मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. सिग्नल लागला. बारा चाळीस झाले होते. आई साडेबाराला जेवायला बसते आणि घड्याळाच्या बाबतीत ती माझीच आई आहे.

जिना मी धावत चढले. आमच्या घंटेला आवाज नाही, ती दाबली की स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत दिवा लागतो. दाराच्या फटीतून मला तो लागलेला दिसला. पुन्हा दाबली. उजेड आला, गेला, आला, गेला. पावलं आली नाहीत. किल्लीने दार उघडलं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, मान एका बाजूला, हात मांडीवर. ताट घासून पालथं घातलेलं. टेबलावर गोळ्यांची डबी, दोन्ही कप्पे रिकामे. एक वाजायला पाच मिनिटं होती, तरी मी वेळेत पोचले नव्हते.

मी फरशीवर पाय आपटला, लहानपणी तिला बोलवायला आपटायची तसा. एकदा, दोनदा. फरशीचा हादरा तिच्या तळव्यांना नेहमी कळतो. तिची पापणी हलली नाही. मी गुडघ्यावर बसले आणि तिच्या छातीला कान लावला. काही नाही. माझंच रक्त कानात धावत होतं, धाडधाड धाडधाड, त्या शाळेतल्या मैत्रिणीसारखं, आणि मला ते बंद करता येईना. मी श्वास रोखला. ज्याला माहीत आहे त्याने मोजायचं नाही. मला आता सगळं माहीत होतं आणि म्हणून मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग धप्प. आणि ती लांब, ओळखीची मधली जागा. आणि पुन्हा धप्प. माझ्या डोक्यावर एक हात आला.

आईने डोळे उघडले होते. तिने खुणेने विचारलं, मेले का मी?

मी तिच्यासमोर डबी धरली. दुपारची गोळी घेतलीस? कधी? तिने माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं, आणि उठून शिवणाच्या सामानातला बटणांचा डबा आणला. उघडला. बटणांवर पांढऱ्या गोळ्या पडल्या होत्या. मी मोजल्या. आजच्या दोन्ही होत्या, कालच्या होत्या, परवाच्याही होत्या. सहा. तीन दिवस मी आपली डबी भरत होते आणि ती बटणांत रिकामी करत होती.

का?

तिने तळहात उघडला आणि आपल्याच छातीवर ठेवला, सपाट, छापखान्यातल्या यंत्रावर ठेवायची तसा. मग बोटांनी सांगायला लागली. गोळीच्या आधी इतकं. तिने टेबलावर बोट टेकवलं, थांबली, पुन्हा टेकवलं. गोळीनंतर इतकं. बोट टेकवलं आणि वर हवेतच थांबवलं, थांबवलं, थांबवून ठेवलं. मग दोन बोटं एकमेकांवर घासली. आत काहीतरी घासतंय. फोरमनला सांगून उपयोग नाही म्हणून मीच बंद केलं, असं तिने सांगितलं. फोरमन म्हणजे मी.

तिला दार माहीत नव्हतं, जनुक माहीत नव्हतं, गोळीचं नावही वाचता आलं नव्हतं. तिने फक्त हात ठेवला होता आणि मोजलं होतं. एकोणीस वर्षं मी ज्या खोलीत कुजबुजत फिरले, तिथे इतकं स्वच्छ मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिला सांगायला लागले, तीनला डॉक्टरांकडे जायचंय, पट्टी काढायचीय, कदाचित छातीत एक छोटं यंत्र बसवतील, ते तुझ्या ठोक्यांना मागे पडू देणार नाही. तिने ओठ वाचले, मान डोलावली, आणि मध्येच मला थांबवून विचारलं, तुला कसं कळलं?

मी झाकणाची खूण केली, पडल्याची खूण केली. चार बोटं वर केली आणि तोंड धुणारा उंदीर करून दाखवला. मागे आभाळ कोसळलं तरी आपल्या मिश्या निवांत पुसणारा. आई बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांत तिला तिच्यासारखं कुणी भेटलंच नव्हतं. तिने विचारलं, चौघे? मी म्हटलं, हो, चौघे. ती आपल्या हृदयावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, त्यांचंही असंच? असंच. सोळा-सतराची असताना मी जे म्हणाले होते त्याची माफी मला तिथेच मागायची होती, पण मी खूण करण्याआधीच तिने माझा हात धरला, ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर टेकवून मला तिची चाल शिकवायला लागली. बोट पडलं. मग उचललं गेलं आणि हवेत राहिलं. मी श्वास रोखला. तिने माझ्याकडे बघत मान हलवली, श्वास घे, येतो तो.

बोट पडलं.